पहिल्या फरशीवरची पिशवी

सोमवारी सकाळी भिंगताई बसथांब्यावर पोचल्या तेव्हा रांगेत त्यांचा नंबर सोळावा लागला. त्यांनी आपली छत्री रांगेच्या शेवटच्या फरशीवर आडवी ठेवली, मागेपुढे एकदा मोजून पाहिलं आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर निर्धास्त जाऊन बसल्या. सोळा जागांच्या बसमध्ये सोळावा नंबर पहिल्याइतकाच चांगला, असं त्यांचं साधं गणित होतं. ते अर्ध्या तासात चुकलं.

त्या थांब्याची रीत आधी सांगायला हवी. थांबा उपनगराच्या अगदी टोकाला होता आणि तिथून शहराच्या मुख्य स्थानकापर्यंत एक लहान बस जायची. जागा सोळा, उभं राहायला सक्त मनाई. तिची वेळ सात-चाळीस, म्हणून तिचं नावही सात-चाळीस. ती सात-पन्नासला आली तर लोक म्हणायचे, आज सात-चाळीस दहा मिनिटं लवकर आली. कारण एरवी ती आठला यायची. त्यानंतरची आठ-तीस. ती कधी नऊला यायची आणि कधी यायचा बेतच रद्द करायची. एवढा वेळ उन्हात ताटकळत कोण राहणार? म्हणून लोक स्वतःऐवजी आपली एकेक वस्तू फुटपाथच्या एकेका फरशीवर ठेवायचे आणि सावलीत जाऊन गप्पा मारायचे. बस वळणावर दिसली की प्रत्येक जण आपापल्या वस्तूमागे येऊन उभा राहायचा.

ही रीत सरांनी बसवली होती. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. थांब्यासमोरच त्यांचं घर, आणि रोज शहरातल्या वाचनालयात जाऊन पेपर वाचणं हे त्यांचं काम. नोकरीत असताना कधी खाडा केला नाही, तसा आताही करत नसत. त्यांचा नियम असा, की एका माणसाची एकच वस्तू आणि तीही अशी हवी की तिच्यावाचून घरात अडेल. सुरुवातीला लोकांनी विटा ठेवून पाहिल्या होत्या. त्या विटांनी महिनाभर एकही दिवस जागा सोडली नाही, म्हणून हा नियम आला. दुसऱ्याच्या वस्तूला मात्र कुणी हात लावायचा नाही, उघडून तर मुळीच बघायचं नाही.

त्या सोमवारी बस आली तेव्हा सर नेहमीप्रमाणे दारापाशी उभे राहून रांग चढवत होते. पहिल्या फरशीवर एक हिरवी कापडी पिशवी होती, तोंडाला गाठ मारलेली, खांबाला टेकलेली, म्हणून ताईंनी मोजताना ती धरलीच नव्हती. तिच्यामागे कुणीच उभं नव्हतं. सरांनी ती अदबीने उचलली, ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या जागेवर नेऊन ठेवली आणि खाली उतरून "दोन" म्हणाले. पंधरा माणसं चढली, ड्रायव्हरने आरशात सोळा जागा भरलेल्या पाहिल्या आणि भिंगताईंच्या नाकासमोर दार लावलं.

सर तोवर आत जाऊन बसले होते. ताईंनी खिडकीतून विचारलं, "सर, पण त्या पिशवीचा माणूस कुठाय?"

"पुढे सिग्नलला चढत असेल," सर म्हणाले. "वस्तू रांगेत आहे ना? मग जागा तिची."

बस गेली. आठ-तीस नऊला पाच कमी असताना आली, आणि ताई कारखान्यात पोचल्या त्या पावणेदहाला. कारखाना चष्म्यांच्या भिंगांचा. ताईंचं काम तयार भिंग दिव्यासमोर धरून त्यातला ओरखडा, बुडबुडा, धूर शोधून काढायचं. अठरा वर्षं हेच केल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट नुसती बघता येत नसे, तपासावी लागे. भाजीवाला त्यांना पाहिलं की टोमॅटो स्वतःच पालथे घालून दाखवायचा. भिंगताई हे नाव थांब्यावरच्या नर्सने पाडलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की त्यांच्या पत्रांवरही हळूहळू तेच येऊ लागलं.

सुपरवायझर साहेबांनी मस्टरवर लाल खूण केली. साहेब आवाज चढवणारे नव्हते, आणि तीच त्यांची भीती होती. ते शांतपणे म्हणाले की नवा नियम ताईंना ठाऊक असेलच: महिन्यात तीन लाल खुणा झाल्या की माणूस सकाळच्या पाळीतून दुपारच्या पाळीत जातो, सहा महिन्यांसाठी. दुपारची पाळी दोन ते दहा. ताईंची लेक दहा वर्षांची. ती शाळेतून पाच वाजता यायची आणि साडेनवाला झोपायची. म्हणजे सहा महिने आईला लेक भेटणार ती सकाळी डबा भरताना आणि रविवारी. दिवसभर त्यांनी भिंगं तपासली खरी, पण प्रत्येक भिंगात त्यांना एक हिरवी पिशवी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीला सुरुवात केली. पिशवी होतीच, पहिल्या फरशीवर, खांबाला टेकून. नर्सने सांगितलं की ती शिंप्याची आहे. शिंपी म्हणाला, छे, ती कुलूपवाल्याची. कुलूपवाल्याची खात्री होती की ती नर्सचीच. तो तर रोज तिला मनातल्या मनात नावं ठेवत होता. चौकशीत एवढं कळलं की पिशवी तीन आठवडे रोज येत होती. या तीन आठवड्यांत ताईंचा नंबर कधी बारावा, कधी चौदावा लागला होता आणि त्यांनी पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ज्याला जागा मिळते त्याचं कुतूहल तिथेच संपतं. बसमध्ये बसलेले पंधराही जण डोळे मिटून घ्यायचे, आणि ती एकटी जागा ड्रायव्हरच्या मागे पडद्याआड होती. सिग्नलला कोण चढतं हे आजवर कुणीही पाहिलं नव्हतं.

"बघायचं कशाला?" नर्स जांभई देत म्हणाली. "कोणीतरी चढतच असणार ना. रिकामी पिशवी कशाला रोज शहरात जाईल?"

हे वाक्य ताईंना पटलं आणि म्हणूनच त्यांना स्वस्थ बसू देईना. कोण ठेवतं ते पाहायचंच, असं ठरवून त्या बुधवारी सातलाच थांब्यावर गेल्या. पिशवी होती. गुरुवारी साडेसहाला गेल्या. पिशवी होती, आणि तिच्यावर दवाचे थेंब होते. शुक्रवारी सहाला गेल्या तेव्हा सर गॅलरीत दात घासत उभे होते. त्यांनी ताईंना पाहिलं, दात घासणं अर्धवट टाकलं, धावत खाली आले आणि आपली काठी दुसऱ्या फरशीवर ठेवून गेले.

इथून घोळ सुरू झाला. भिंगताई सहाला येतात म्हटल्यावर नक्की काहीतरी कारण असणार, बस बहुधा कमी होणार, असं कुणीतरी कुणाला म्हणालं. शनिवारी साडेपाचला अकरा वस्तू रांगेत होत्या. सोमवारी पाचला सोळा. ज्यांना पाचला उठणं जमत नव्हतं त्यांनी सोपा मार्ग काढला आणि आदल्या संध्याकाळीच वस्तू ठेवून मोकळे झाले. मग सगळेच तसं करू लागले. कामावरून परत आलेला माणूस आधी घरी जाऊन एखादी वस्तू आणायचा, उद्याची फरशी पकडायचा आणि मगच चपला काढायचा. सर गॅलरीतून रात्रभर अधूनमधून टॉर्च मारायचे, त्यामुळे चोरीची भीती नव्हती.

पण सरांचा नियम असा, की वस्तू घरात अडेल अशीच हवी. त्यामुळे थांब्यावर सगळं सुरळीत आणि घरोघरी सगळं अडलेलं. शिंप्याने कात्री ठेवली आणि संध्याकाळची कामं बंद केली. नर्सच्या घरची इस्त्री रांगेत असल्याने तिचा नवरा चुरगळलेल्या शर्टात कोर्टात उभा राहिला. तो तिथे वकील होता. कुलूपवाल्याने घराच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि दाराबाहेर बसून राहिला. सगळ्यांनी एक गोष्ट मात्र न बोलता पाळली. खांबाजवळची पहिली फरशी कुणी घेत नव्हतं. ती पिशवीची. पहिला येणाराही आपली वस्तू दुसऱ्या फरशीवर ठेवायचा.

ताईंनी गजराचं घड्याळ ठेवलं. दोन घंटांचं, आजोबांच्या वेळचं, घर डोक्यावर घेणारं. मोबाईलचा गजर त्या झोपेतच गप्प करत, म्हणून या घड्याळावाचून त्यांचं खरंच अडत असे. आणि अडलंच. मंगळवारी रात्री घड्याळ नवव्या फरशीवर होतं आणि ताई अंथरुणात. बुधवारी सकाळी सव्वापाचला घड्याळ फुटपाथवर असं काही कडाडलं की सर टॉर्च घेऊन धावले, दोन गल्ल्यांतली कुत्री जमली आणि आसपासची सगळी माणसं जागी झाली. फक्त भिंगताई सोडून. त्या आठ वाजून दहा मिनिटांनी उठल्या.

दुसरी लाल खूण झाली. साहेब म्हणाले, "महिना संपायला दोन दिवस आहेत, ताई. मला तुम्हाला दुपारी पाठवायचं नाहीये. पण नियम सगळ्यांना सारखा." ते हे इतकं मायेने म्हणाले की ताईंना रडू आलं.

त्या संध्याकाळी घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. घरापासून शाळा चालत सात मिनिटं, त्यामुळे बस या विषयावर त्याची मतं फार शांत असत.

"अगं, सोडून दे ती पिशवी," तो म्हणाला. "घड्याळ आधी ताब्यात घे."

"अहो, पण ठेवतं कोण? सहाला गेले तरी असतेच. दव पडलेलं असतं तिच्यावर. म्हणजे रात्रभर तिथेच असणार."

लेक गृहपाठ करत होती. वही न मिटता ती म्हणाली, "आई, तू सारखी सकाळी लवकर जातेस. पण रात्री तिथे असते तर ती आदल्या दिवशी येत असेल ना?"

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने ताईंकडे. अठरा वर्षं बुडबुडे शोधणाऱ्या बाईला ही एवढी गोष्ट सुचली नव्हती. गुरुवारी कामावरून आल्या आल्या त्या थेट बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. खांबापाशी पिशवी नव्हती. एकेक जण येऊन आपापली वस्तू मांडून जात होता, पण ताईंची नजर पहिल्या फरशीवरून हलली नाही. चाळणी आली, शिलाईची कात्री आली, कुणाचा तरी उजवा बूट आला. सहा वाजले, साडेसहा वाजले. पावणेसातला संध्याकाळची बस आली. माणसं उतरली, पांगली. मग ड्रायव्हर स्वतः खाली उतरला. त्याच्या हातात हिरवी पिशवी होती. त्याने ती खांबाला नीट टेकवली, पडते का ते पाहिलं आणि हात झटकले.

ताई एका दमात रस्ता ओलांडून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. इतक्या त्या बस पकडायलाही कधी पळाल्या नव्हत्या.

"ही पिशवी तुमची?"

"माझी कशी असेल?" ड्रायव्हर म्हणाला. "मला स्थानकातला कॅबिनवाला देतो. सकाळच्या गाडीत पहिल्या जागेवर सापडते रोज. शेवटच्या थांब्यावरून चढलेली, म्हणून संध्याकाळी मी इथे आणून सोडतो."

"मग तिथे जमा का नाही करत?"

"जमा करायची तर तीन प्रतींत फॉर्म भरायचा. कॅबिनवाला म्हणतो, ज्याची आहे तो घेईल की उद्या." त्याने खांबाकडे हात केला. "आणि मुद्दाम इथेच ठेवतो हां मी. सकाळवाला म्हणाला, ती इथूनच चढते. मालकाला सापडायला नको?"

बस निघून गेली तरी ताई खांबापाशी उभ्याच होत्या. म्हणजे पिशवी कुणाचीच नव्हती. ती रोज सकाळी पहिल्या नंबरने चढत होती, शहरात जात होती, दिवसभर कॅबिनमध्ये बसत होती आणि संध्याकाळी परत येऊन उद्याचा नंबर लावत होती. त्यांनी वाकून तिला बोटाने हळूच दाबून पाहिलं. हलकी. चार कोपरे टोकदार. आत काहीतरी सपाट होतं आणि ते दाबलं की कुरकुरत होतं. गाठ सोडावी असं फार वाटलं, पण गॅलरीतून टॉर्चचा झोत आला आणि त्यांनी हात मागे घेतला.

घरी हे सांगितल्यावर नवरा हसून हसून पलंगावर आडवा झाला. "म्हणजे पिशवी रोज वेळेवर कामाला जाते, वेळेवर घरी येते," तो डोळे पुसत म्हणाला. "तिला एकही लाल खूण नाही."

ताईंना हसू आलं नाही. त्यांना आत्ता आठवलं की पिशवीवर नजर ठेवण्याच्या नादात आपण आपली वस्तूच ठेवली नाही. त्या घड्याळ घेऊन धावत गेल्या. नंबर लागला अठरावा. उद्या महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. त्या रात्रभर कुशीवर कुशी बदलत राहिल्या. सरांना खरं सांगितलं तर पिशवी रांगेतून जाईल, सगळे एकेक नंबर पुढे सरकतील आणि आपण अठराव्याच्या सतराव्या होऊ. म्हणजे खरं बोलूनही फुटपाथवरच. आणि ज्या पिशवीला मालक नाही, तिला मालक मिळाला तर कुणाचं काय बिघडणार होतं? हा विचार वाईट आहे हे त्यांना कळत होतं. तो किती सोयीचा आहे हेही कळत होतं. पहाटे त्यांनी लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचार पक्का केला.

सकाळी आठला सात-चाळीस वळणावर दिसली. माणसं आपापल्या वस्तूंमागे उभी राहिली. भिंगताईंनी अठराव्या फरशीवरून घड्याळ उचललं, सगळी रांग ओलांडून पुढे गेल्या आणि खांबापाशी उभ्या राहिल्या.

"पिशवी माझी आहे," त्या म्हणाल्या.

मग नर्स म्हणाली, "तुमची? आणि मग महिनाभर छत्री, घड्याळ हे कुणाचं होतं? म्हणजे रोज दोन जागा?"

कुलूपवाला म्हणाला की आपण उगीच नर्सबाईंना नावं ठेवली, त्याबद्दल आपल्याला वाईट वाटतं. नर्सला हे आत्ताच कळत होतं, त्यामुळे ती दोघांवरही चिडली. शिंप्याला आठवलं की याच जागेपायी त्याची सात-चाळीस दोनदा बुडाली होती. ताईंच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या भिंग झाल्या होत्या आणि सतरा माणसं त्यांना उजेडासमोर धरून बघत होती.

सरांनी हात वर केला. "शांत राहा. वस्तू यांची असेल तर आत काय आहे ते यांना सांगता येईल. सांगा, ताई."

"कागद," ताई म्हणाल्या. "सपाट कागद आहेत. फाईल असेल."

सरांनी स्वतःच्याच नियमाविरुद्ध जाऊन गाठ सोडली. आतून खरंच एक फाईल निघाली. ताईंचा जीव भांड्यात पडला, पण लगेच वर आला, कारण सर फाईल उघडून तिथल्या तिथे पुतळ्यासारखे उभे राहिले होते.

"हे अक्षर माझं आहे," ते हळू म्हणाले.

तो अर्ज होता. या थांब्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांचा. दोन महिन्यांपूर्वी सरांनी तो लिहिला होता: सात-चाळीसच्या बसमध्ये जागा पुरत नाहीत, तरी मोठी बस मिळावी ही विनंती. सह्या झाल्यावर त्यांनी तो समोरच्या औषधवाल्याकडे दिला होता, कारण त्याची परिवहन कार्यालयात ओळख होती. औषधवाला महिन्यापूर्वी दुकान बंद करून मुलाकडे परगावी राहायला गेला. जाताना त्याने अर्ज पिशवीत घातला असणार आणि बस शहरातच जाते म्हणून खांबाला टेकवून ठेवला असणार. जागा पुरत नाहीत म्हणून केलेला अर्ज महिनाभर रोज एक जागा अडवून बसला होता.

हे सगळं ताईंच्या लख्ख ध्यानात आलं. सरांच्या ध्यानात वेगळंच आलं.

"म्हणजे जाताना त्याने हा तुमच्या हवाली केला होता," सर म्हणाले. "आणि तुम्ही तो रोज शहरात नेऊन रोज परत आणलात. द्यायचं धाडस झालं नाही?"

नाही म्हणावं तर पिशवी आपली नाही, हो म्हणावं तर अर्ज आपल्यामुळे अडला. बस दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आठ वाजून सात मिनिटं झाली होती. ताईंनी मान खाली घातली. "चुकलं, सर," त्या म्हणाल्या. एवढं तरी खरं होतं.

सर चाळीस वर्षं शाळेत होते. कबुली दिलेल्या मुलाला त्यांनी कधी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. त्यांनी निकाल दिला: अर्ज आणि जागा दोन्ही ताईंचं. पिशवी मांडीवर घेऊन बसायचं, परिवहन कार्यालयात जायचं आणि अर्ज हातात द्यायचा. पिशवी मांडीवर गेल्यामुळे त्या दिवशी बसमध्ये पंधराऐवजी सोळा माणसं बसली. सोळावी नर्स होती. जागा मिळाल्यावर तिचा राग सिग्नलपर्यंतसुद्धा टिकला नाही.

बस स्थानकात पोचली तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती. कारखाना नऊला, चालत दहा मिनिटांवर. परिवहन कार्यालय स्थानकातच, पण त्याच्या दाराला कुलूप. ताई कॅबिनवाल्याकडे गेल्या.

"अर्ज दहानंतर," तो चहा ढवळत म्हणाला. त्याची नजर पिशवीवर गेली आणि चमचा थांबला. "ही जमा करायची आहे का? मग फॉर्म भरा. तीन प्रती."

ताईंनी घड्याळ पाहिलं. दोन घंटांचं, काखेतच होतं. दहापर्यंत थांबलं तर तिसरी खूण. कारखान्यात नेऊन दुपारी सुट्टीत परत यावं, तर गेटवर बाहेरचे कागद आत नेऊ देत नाहीत. त्यांनी एकदा अर्जाकडे पाहिलं. सह्यांमध्ये सातवी सही त्यांचीच होती, ठळक आणि स्वच्छ. त्यांना मनापासून शरम वाटली. मग त्या पुन्हा बसमध्ये चढल्या, पिशवी पहिल्या जागेवर ठेवली, फक्त आजच्यापुरती, आणि धावत सुटल्या. नऊला दोन मिनिटं असताना त्यांनी मस्टरवर सही केली. साहेबांनी लाल पेन खिशात परत ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहून हसले.

संध्याकाळी ताई थांब्यावर उतरल्या आणि लेकीला घेऊन भाजी आणायला गेल्या. परतताना त्यांना खांबाला टेकलेली हिरवी पिशवी दिसली. उद्याचा पहिला नंबर लागला होता, आणि पिशवी आता सगळ्यांच्या साक्षीने त्यांची होती. लेकीने विचारलं, आई, तू हसतेस का? ताई म्हणाल्या, काही नाही, चल, आज गणितं मी घेते तुझी.

त्या महिन्यात भिंगताईंना तिसरी लाल खूण झाली नाही, आणि पुढच्या महिन्यात तर एकही नाही. घड्याळ आता पहाटे घरीच वाजतं. पिशवीचं गूढ उकलल्यावर रांगही हळूहळू सकाळवर आली, नर्सच्या नवऱ्याचे शर्ट पुन्हा कडक झाले. कार्यालय दहाला उघडतं, ताई कामावरून सुटायच्या आत मिटतं, रविवारी बंद असतं, आणि ताईंची हक्काची रजा लेकीच्या परीक्षेसाठी राखलेली आहे. आपण सुट्टी काढून एकदा अर्ज देऊन टाकावा असं त्यांना दर गुरुवारी वाटतं. शुक्रवारी सकाळी त्या पहिल्या जागेवर पिशवी मांडीवर घेऊन बसतात, पंधरा माणसं मागे डोळे मिटतात, आणि ते वाटणं सिग्नलपाशी कुठेतरी उतरून जातं.

परवा सरांनी रांग चढवता चढवता सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, आपल्या अर्जाचं कुठवर आलं?"

"रोज घेऊन जातेय, सर," ताई म्हणाल्या.

सर समाधानाने रांगेकडे वळले. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात पाठपुरावा."